डागाचं टेबल

मी दाराला कडी घातली की आमच्या वन्सं उठतात आणि ती एकदा ओढून बघतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघतेय, सव्वीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी मला राग यायचा. एकदा म्हटलंसुद्धा, "वन्सं, कडी मीच घातलीय." तर म्हणाल्या, "म्हणूनच बघतेय." आता सांगा, यावर माणसाने काय बोलायचं?

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं की म्हणायच्या, "तीन स्थळं आली होती. तिघांचीही चौकशी केली." बस, पुढे काही नाही. चौकशीत काय निघालं ते त्या तिघांना ठाऊक आणि वन्संना ठाऊक. दुकानदाराने वजन केलं की या पिशवी घरी आणून परत वजन करणार. दवाखान्यात भिंतीवर टांगलेली पदवी वाचून डॉक्टरांनाच विचारणार, "हे नाव तुमचंच का?" आणि मी शेजारी बसून जमिनीकडे बघणार. आमचे हे म्हणजे गरीब गाय. बहिणीचा विषय निघाला की म्हणणार, "ताईचं काय ते तू बघ." बघत आले, दुसरं काय.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला होतो. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि लॉजच्या चादरी, टॉवेल, अभ्रे, डॉक्टरांचे डगले गाड्या भरभरून यायचे. एका टोकाला बॉयलर, मग धुलाईची पाच मशीनं, पिळायचं मशीन, वाळवायचे दोन ड्रम आणि शेवटी रोलरची लांबलचक इस्त्री. तिच्या एका बाजूने दोघींनी ओली चादर सरकवायची आणि दुसऱ्या बाजूने दोघींनी कोरडी ओढून घ्यायची. सगळीकडे वाफ आणि ब्लीचचा वास. कोरडी जागा एकच, काचेच्या पार्टिशनच्या आड, खिडकीपाशी. तिथे वन्संचं डागाचं टेबल होतं.

टेबलाला वर काच आणि काचेखाली ट्यूबलाइट. धुऊन आलेली चादर त्यावर पसरायची आणि कुठे डाग राहिलाय का बघायचं. वन्सं हातात दांड्याचं भिंग घेऊन बसायच्या. "हा गंजाचा. हा चहाचा. हा रक्ताचा, पण आपल्याकडे यायच्या आधी कोणीतरी साबणाने घासून पाहिलाय. लॉजवाल्याने का घासला असेल गं?" मी म्हणायची, "वन्सं, आपल्याला काय करायचंय." त्या चादर बाजूला ठेवायच्या आणि दुपारपर्यंत त्याच विचारात असायच्या. सगळे त्यांना तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे भिंगबाई. त्यांना ते माहीत होतं. कोण कोण म्हणतं तेही माहीत होतं.

पण उगाच एकतर्फी बोलायला नको. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि वन्संचं तोंड चांगलंच पोळलं होतं. लाँड्रीला मालक होता तेव्हाची गोष्ट. एक दिवस कारकून मोठा कागद घेऊन फिरला. वरचा अर्धा कागद कोरा. म्हणाला, पगारवाढीची यादी करायचीय, खाली सह्या करा. सगळ्यांनी केल्या, वन्संनीही केली. पंधरा दिवसांनी गेटला कुलूप लागलं आणि तो कागद आमच्या नाकासमोर धरला गेला. कोऱ्या जागेत टाइप केलं होतं की आम्ही खाली सह्या करणारे राजीखुशीने काम सोडत आहोत. टाइप कारकुनानेच केलेलं. मालकाने करायला लावलं, असं तो नंतर रडून सांगत होता. वन्सं तेव्हा रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी वर कोरी जागा असलेल्या कागदावर सही केली नाही, एवढंच.

मालक देणेकऱ्यांना तोंड न दाखवता गेला. लाँड्री चार महिने बंद. मग बॉयलरवाले दादा घरोघर फिरले. त्यांचं म्हणणं साधं होतं. मशीनं चालवतो आपण, डाग काढतो आपण, हॉस्पिटलवाले ओळखतात आपल्याला, मग मालक हवा कशाला? सगळ्यांनी सारखा पैसा घालू, संस्था काढू, देणेकऱ्यांकडून जागा आणि मशीनं सोडवून घेऊ, मालकही आपणच आणि नोकरही आपणच. ते आमच्या घरी आले तेव्हा वन्संनी त्यांना तासभर उलटसुलट विचारलं. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. बारभाईंचा कारभार आहे हा. आणि हा एवढा गोड का बोलतो?"

तरी घातले पैसे. बावीस जणांत सगळ्यात शेवटी, नियमांचा मसुदा नऊ दिवस घरी ठेवून, ओळीओळीवर बोट फिरवून. आणि परत दिला तो एकोणीस नवे नियम जोडून. आमच्या संस्थेचे निम्मे नियम म्हणजे वन्संचे संशय होते, कारकुनाने शुद्ध भाषेत लिहिलेले. हो, तोच कारकून. हिशेब आणि दप्तर ठेवता येणारा तोच एक होता, म्हणून त्याला सचिव केला. वन्संनी त्या दिवशी जेवण टाकलं.

तर नियम असे. प्रत्येकाचा हिस्सा सारखा आणि प्रत्येकाला मत एकच. बॉयलरवाले दादा अध्यक्ष असले तरी त्यांचं एक, झाडू मारणारीचंही एक. वर्षाअखेर जे उरेल ते कामाच्या तासांप्रमाणे वाटायचं. कुठलाही सभासद कुठलंही दप्तर केव्हाही मागू शकतो. वन्सं दर गुरुवारी मागायच्या. सहा महिन्यांनी कामं बदलायची, चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोणी एकाच मशीनला चिकटून बसायला नको. चिठ्ठ्या घडी करताना वन्सं डोक्याशी उभ्या. फक्त डागाचं टेबल चिठ्ठीत नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा घातलं होतं, तेव्हा दुसरीच बाई तिथे बसली आणि हॉस्पिटलने अख्खी गाडी परत पाठवली. मग सभेने ठरावच केला की हे टेबल ताईंचं.

एकदा मी त्यांना विचारलं, "आता तर मालक नाही, मग जरा निवांत का होत नाही तुम्ही?" म्हणाल्या, "मालक होता तेव्हा एकावर लक्ष ठेवायचं होतं. आता एकवीस जणांवर ठेवावं लागतं. काम वाढलं की कमी झालं?" त्या एकवीस जणांत मीही आले, हे माझ्या घरी पोचल्यावर लक्षात आलं.

आणखी एक नियम त्यांनी भांडून घालून घेतला होता. वार्षिक सभेच्या हजेरी वहीत जो लागोपाठ तीन वर्षं सही करणार नाही त्याचं मत जाईल. का, तर उरलेलं वर्ष तोंड न दाखवणाऱ्यांना कोणीतरी ऐन मतदानाच्या दिवशी गाडीत घालून आणेल आणि हात वर करायला लावेल. सगळ्यांना पटलं. एकमताने पास झालं.

आता आमच्या कारकुनाची पद्धत अशी की सभेच्या वहीत आधी सह्या घ्यायच्या आणि वरची अर्धी जागा मोकळी सोडायची, सभा झाल्यावर तिथे वृत्तांत लिहायला. वही वन्संपुढे आली की त्या म्हणायच्या, "आधी वर लिही, मग खाली सही." तो म्हणायचा, "ताई, सभा व्हायच्या आधी सभेत काय झालं ते कसं लिहू?" त्या वही पुढे सरकवायच्या. दर वर्षी हेच. आणि मग दोन तास सगळ्यात जास्त बोलायच्या त्याच. बॉयलरला रंग किती लागला, साबणाची गोणी उघडी का, कोणाचा मेहुणा गाडीत फुकट बसून गेला. त्या सभेला नव्हत्या असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

अशी दहा वर्षं गेली. वाईट गेली असं मी म्हणणार नाही. मुलीचं शिक्षण झालं, घराला वर पत्रा होता तिथे स्लॅब आला. फक्त लाँड्रीत कोणी कोणाशी मोकळं बोलत नव्हतं. एकदा वाळवणीवरचा माणूस पाठ धरली म्हणून आठ दिवस घरी राहिला, तर वन्सं त्याच्या मागावर गेल्या आणि त्याला सासुरवाडीत गोण्या उचलताना पकडलं. भर सभेत सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं, तो खोटारडाच होता. पण तेव्हापासून कोणी आजारी पडेनासं झालं. ताप असला तरी लोक येऊन मशीनपाशी उभे राहायचे.

आणि मला खोकला लागला.

आधी वाटलं, थंडीचा आहे. मग जिना चढताना थांबावं लागायला लागलं. एका सुट्टीच्या दिवशी बाजारात जाते सांगून मी दवाखान्यात गेले, तेही आमच्या नेहमीच्या नाही, दोन स्टॉप पुढच्या. डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि विचारलं, काम काय करता? सांगितलं. म्हणाल्या, "ब्लीच आणि वाफ बंद करा. कमी करा म्हणत नाहीये, बंद करा." कागदावर तसं लिहूनही दिलं. तो कागद मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

आता बंद करायचं म्हणजे काय? चिठ्ठीत कुठलंही काम आलं तरी वाफ नाकात जाणारच. एकटीने सभासदत्व सोडलं तर हिस्सा तीन वर्षांनी परत मिळणार, तोही वन्संचाच नियम, कोणी आपला पैसा काढून रातोरात पळू नये म्हणून. उरलं खिडकीजवळचं ते टेबल. पण तिथे बसल्या होत्या साठीच्या वन्सं, ज्यांना त्या टेबलाशिवाय जगात काही नव्हतं. मी काय म्हणणार होते, उठा? मी काही बोलले नाही. यांनाही नाही सांगितलं, कारण यांच्या पोटात काही राहत नाही. खोकला आला की मी मोरीत जाऊन नळ सोडायची.

पण चोराच्या मनात चांदणं. वन्सं जेवताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतायत असं वाटायचं. एकदा म्हणाल्या, "नळ फार चालू असतो हल्ली." मी म्हटलं, "भांडी तेलकट होती." त्यांनी उठून भांडी बघितली.

त्याच सुमारास लाँड्रीच्या अंगणात एक अनोळखी माणूस टेप घेऊन दिसला. वन्संनी खिडकीतून बघितलं आणि भिंग ठेवून सरळ बाहेर गेल्या. त्याने सांगितलं, पाण्याची पाइप बदलायचीय. परत आल्या त्या चेहरा घट्ट करून. "पाइपवाला भिंतीपासून भिंतीपर्यंत कशाला मोजेल? नळाकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. जागा विकायला काढलीय कोणीतरी."

मी म्हटलं, "काहीतरीच."

"आणि कोणी ते मला ठाऊक आहे. तो गोडबोल्या." म्हणजे बॉयलरवाले दादा. का, तर ते आठवडाभर बॉयलरच्या खोलीत दार लावून फोनवर बोलत होते. वन्संनी पुढचे पंधरा दिवस दादांचा पिच्छा पुरवला. कुठे जातात, कोणाशी बोलतात, डबा कुठे खातात. दादांना कळलं तसे ते आणखी दार लावून बोलायला लागले. मग बाकीचेही दादांकडे तिरक्या नजरेने बघायला लागले. इस्त्रीवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोघी एकमेकींना विचारेनात, तू कोणाकडून आहेस.

वन्संचा अंदाज निम्मा खरा होता. जागा खरंच विकायला निघाली होती. शहराबाहेर मोठी लाँड्री असलेल्या एका कंपनीला आमची जागा आणि हॉस्पिटलांचं काम हवं होतं. तरण्या सभासदांना ती कामावर ठेवणार होती, बाकीच्यांना त्यांचा हिस्सा विक्रीच्या पैशातून एकदम मिळणार होता. डाग बघायला त्यांच्याकडे कॅमेरा होता. पण हे आणलं होतं कारकुनाने. बॉयलरवाले दादा दार लावून फोन करत होते ते जुना बॉयलर दुरुस्त करून देणारा कोणी मिळतोय का बघायला, कारण नवा घ्यायची ऐपत नव्हती आणि ही गोष्ट पसरली असती तर लोक घाबरले असते.

मला हे सगळं माहीत होतं, कारण कारकुनाने मला सांगितलं होतं. कपडे मोजायच्या खोलीत मी एकटीच खोकत होते, तो आत आला आणि दार लोटून म्हणाला, "वहिनी, तुमच्या घरात ताई आहेत, तेव्हा सांगावं की नाही कळत नाही." आणि सांगितलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घरी येऊन वन्संना मात्र एक अक्षर बोलले नाही. त्या जेवताना दादांच्या नावाने बोटं मोडत होत्या आणि मी त्यांना वाढत होते. पोटातलं ओठावर येऊ दिलं नाही, इतकी मी त्या घरात तयार झाले होते.

शेवटी कारकुनाने विक्रीचा ठराव उघड मांडला आणि त्यावर मतदानाला रविवारी सकाळी सभा ठेवली. घडीची टेबलं भिंतीला लावून चादरींच्या गठ्ठ्यांवर लोक बसले. वन्सं पहिल्या रांगेत, धुतलेली साडी, मांडीवर नियमांचं पुस्तक. वर्षानुवर्षं बोट फिरवून त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, "निम्मी मतं मिळाली तरी ठराव पडतो. निम्म्यापेक्षा एक जास्त लागतं. मी मोजलंय. अकरा-अकरा होईल आणि लाँड्री वाचेल." आणि त्यांची मोजणी सहसा चुकत नाही. फक्त त्यांच्या अकरांत त्यांनी मला धरलं होतं की नाही, हे मला विचारायचा धीर झाला नाही.

कारकून मतदारांची यादी वाचायला लागला. एकवीस नावं वाचली आणि कागद खाली ठेवला.

"माझं राहिलं," वन्सं म्हणाल्या.

"ताई," तो वहीकडे बघत म्हणाला, "हजेरी वहीत तुमची सही नाही. तीन वर्षं नाही. तशी दहाही वर्षं नाही. पण आजवर मतदानाची वेळच आली नव्हती, सगळं एकमताने व्हायचं. आज यादी नियमाप्रमाणे करावी लागली."

मागून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वन्संनी पुस्तक उघडलं, ते पान काढलं, वाचलं. मी त्यांच्या मागेच बसले होते. त्यांची मान लालबुंद झाली होती.

तेव्हा उठले ते बॉयलरवाले दादा. ज्यांच्या मागे या पंधरा दिवस हात धुऊन लागल्या होत्या, तेच. म्हणाले, "हा काय चावटपणा आहे? या बाईंनी दहा वर्षांत एक सभा चुकवलेली नाही. आमची डोकी उठवलीत, पण आल्यात. नियम बाजूला ठेवायची सोय आहे ना पुस्तकात?"

सोय होती. हजर असलेल्या सगळ्या मतदारांनी हात वर केले तर त्या दिवसापुरता नियम बाजूला ठेवता येतो. सगळ्यांनी. एक हात खाली राहिला तरी नाही. बहुमतावर सोडलं तर कोणीही टोळी जमवून नियम वाकवील, म्हणून. हे कोणी घातलं होतं ते मी सांगायला नको.

"करा हात वर," दादा म्हणाले.

हात वर गेले. दादांचा, इस्त्रीवाल्यांचे, वाळवणीवरच्या त्या खोटारड्याचा. विकायचं म्हणणाऱ्यांचेही गेले, कारण डोळ्यांदेखत एवढं कोणाला करवेल? कारकुनानेही पेन ठेवून हात वर केला. वीस हात. मी माझे दोन्ही हात पदराखाली धरून बसले होते. वर करायचा म्हटलं आणि छातीत ती शिटी वाजायला लागली, खोकला दाबून धरला, आणि मनात एकच होतं, अकरा-अकरा. वन्संचं मत धरलं तर अकरा-अकरा. मग उद्या सकाळी परत ब्लीचची बादली.

दादा माझ्याकडे बघत होते. मग सगळेच बघायला लागले. वन्सं मात्र मागे वळल्या नाहीत. दादांच्या नजरेवरूनच त्यांना कळलं असणार की ती कुठे थांबलीय.

"वहिनी?" दादा म्हणाले.

मी मान हलवली. नाही म्हणून.

मग मतदान झालं. चिठ्ठ्या ब्लीचच्या रिकाम्या बादलीत टाकल्या. अकरा विरुद्ध दहा. विकायचं ठरलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे कोणीतरी माझ्या पाठीमागे बोललं. आवाज ओळखला, पण आता नाव घेऊन काय करायचंय.

नंतरचं थोडक्यात सांगते. चार महिन्यांत मशीनं गेली. तरुण पोरं कंपनीच्या गाडीने जातात. माझा हिस्सा मिळाला, मी घरी बसून शिवणाचं थोडंफार करते. जिना न थांबता चढता येत नाही, पण खोकला बराच कमी आहे. बॉयलरवाले दादा रस्त्यात भेटले की वन्संना नमस्कार करतात आणि मला करत नाहीत. वन्सं घरी असतात. डाळ निवडतात, निवडलेली परत निवडतात.

पण त्या रविवारची दुपार सांगायची राहिली. आम्ही दोघी चालत घरी आलो, त्या पुढे, मी चार पावलं मागे. यांनी दार उघडलं, दोघींकडे बघितलं आणि काहीतरी आणायचं निमित्त काढून बाहेर पडले. मी चहा टाकला. वन्सं स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसल्या. मी त्यांच्यापुढे कप ठेवला. त्यांनी घेतला नाही.

"किती मिळणार आहेत तुला?" त्यांनी विचारलं. "कारकुनाने वर काय कबूल केलंय?"

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. मी कपाटापाशी गेले, साड्या खाली ओढल्या, तो कागद काढला आणि त्यांच्यासमोर आपटला. "हे मिळणार आहे," म्हटलं. आणि मग जो खोकला सुटला तो थांबेना. नळ सोडायला मी या वेळी मोरीत गेले नाही. तिथेच ओट्याला धरून उभी राहिले.

वन्संनी कागद वाचला. वरची तारीख वाचली. डॉक्टरीणबाईंचा शिक्का वाचला. मागची बाजू उलटून बघितली. मग खालपासून वर परत वाचला. तोवर माझा खोकला थांबला.

"सहा महिने झाले याला," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझं टेबल कोरडं होतं. मागायचं होतंस."

"दिलं असतंत?"

लगेच हो म्हणतील असं मला वाटलं. माणसं अशा वेळी हो म्हणतात, म्हणायला काय जातं. वन्सं विचार करत बसल्या, चादरीवर डाग दिसला पण कशाचा ते कळेना की बसायच्या तशा. कागदाची घडी केली, उघडली, परत केली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं असतं, तू टेबलासाठीच खोकतेयस."

आणि थंड झालेला चहा त्यांनी उचलून प्यायला घेतला.